निळ्याचं येणं-जाणं

मोरचुदाच्या पाण्यात अमोनियाचे पहिले थेंब पडतात तेव्हा आधी मन खट्टू होतं. नितळ आकाशी पाणी गढूळ होतं आणि फिकट निळसर साका तळाशी बसू लागतो. पण हात थांबवायचा नसतो. थेंब पडत राहिले की साका विरघळतो आणि परीक्षानळीत असा गडद, जांभळ्याकडे झुकणारा निळा उतरतो की नळी उजेडाकडे धरून बघतच राहावं. बारावीच्या प्रात्यक्षिकात आम्ही या निळ्यापुढे ‘तांबे आहे’ एवढंच लिहायचो. मग त्यात अ‍ॅसेटिक आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घालून चॉकलेटी साका पाडायचा आणि पुढच्या क्षाराकडे वळायचं. इतक्या सुंदर गोष्टीची वहीत एका ओळीत बोळवण व्हावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

तांब्याचा आयन पाण्यात कधी एकटा नसतो. पाण्याचे रेणू त्याला वेढून असतात, मोरचुदाचा आकाशी रंग त्या वेढ्याचा. अमोनिया पुरेसा झाला की त्याचे चार रेणू पाण्याला सारून तांब्याला बिलगतात आणि रंग गडद होतो. आता विरळ गंधकाम्ल थेंबाथेंबानं सोडावं, घाईनं ओतू नये, कारण नळी तापते. अमोनियाला तांब्यापेक्षा आम्लातल्या प्रोटॉनची ओढ अधिक. तो त्याच्याशी जोडला जाऊन अमोनियम होतो, तांब्याला सोडतो. मघाचा गढूळ साका वाटेत क्षणभर भेटतो, विरतो, आणि पुन्हा ते पहिलं आकाशी पाणी. गंधकाम्लाऐवजी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर घातलं, तर क्लोराइड तांब्याभोवती जमतं आणि पाणी हिरवं-पिवळं होतं. तांबं तेच असतं, त्याच्याभोवतीची मंडळी बदलतात.

सुरतेत कतारगामला माझी मावशी राहते. सकाळी हिऱ्याच्या कारखान्यांकडे निघालेले रत्नकलाकार, दिवसभर लूमचा खटखटाट, आणि दुपारी घराघरांतून साड्यांना किनार लावत बसलेल्या बायका, मावशीही त्यांतलीच. तांब्याची आठवण मला तिथे पावलोपावली होते. सुरतेची जरी येवल्याच्या पैठणीत जाते, हे आपल्याकडे ठाऊक आहे. खऱ्या जरीची जुनी रीत म्हणजे चांदीची तार, चपटी करून रेशमावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. स्वस्त जरीत तार तांब्याची, तिच्यावर चांदीचा अगदी पातळ थर. लोक तिला नकली म्हणतात. तारेच्या टोकावर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला की तांबं विरघळून निळं-हिरवं होतं, वर अमोनिया घातला की तोच गडद निळा. पारख करणाऱ्याला त्यात खोट दिसते. मला मात्र त्यात तांब्याचं लखलखीत खरेपण दिसतं. त्या तारेमुळेच कमी पगाराच्या घरातल्या मुलीच्या शालूलाही झळाळी आली.

पण तांब्याची याहून मोठी करामत कापडात लपलेली आहे. कापूस पाण्यात विरघळत नाही, हे साऱ्या धुणाऱ्या हातांना माहीत आहे. 1857 मध्ये श्वाइट्झर या स्विस रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की तांब्याच्या अमोनियायुक्त निळ्या द्रावणात तो विरघळतो! जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, जिचं सूत कातता येत नाही, ती त्या निळ्यात दाट पाकासारखी होते. तो पाक बारीक छिद्रांतून वाहत्या पाण्यात सोडतात, ताणतात, आणि आम्लानं धुतात. परीक्षानळीतलीच गोष्ट पुन्हा घडते: आम्ल अमोनियाला ओढून नेतं, तांबं सुटून पाण्यात जातं, आणि हाती उरतो पांढरा, रेशमासारखा सुळसुळीत कापूस. जपानमधल्या नोबेओकाला आसाही कासेई ही कंपनी 1931 पासून हा धागा काढते. तांबं आणि अमोनिया टाकून न देता परत मिळवून वापरतात. बेमबर्ग नावाचा हा धागा सुरतेच्या मागांवर येतो, त्याच्या साड्या होतात.

तशाच एका साडीवर मावशी तांब्याच्या जरीची किनार लावत होती. कापडातून तांबं आम्लानं धुऊन काढलेलं, आणि किनारीत तेच मुद्दाम घातलेलं. मी तिला हे सांगितलं तेव्हा सुई न थांबवता ती म्हणाली, “म्हणून तर हिला पाण्यात घालायचं नाही, घाम लागला तर लगेच वाळवायची.” घरातली तांब्याची घागर ती चिंच-मीठ लावून घासते, पण जरीच्या आसपास चिंच फिरकू देत नाही. घागरीवरचा काळा थर आम्लानं निघाला तरी खाली तांबंच असतं. जरीवरचा मुलामा इतका पातळ की त्याच्या भेगांतून आम्ल-मीठ आत गेलं की तार हिरवी पडायला लागते.