मधले वर्ष

वाचकहो, नातवंडे शिक्षणासाठी परदेशी असलेली घरे आता आपल्याकडे विरळ राहिलेली नाहीत. माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घ्यायला येणारे आजोबा बाही वर सरकवता सरकवता आधी नातीची वार्ता सांगतात, गुडघ्यांची तक्रार नंतर. म्हणून आज एखाद्या आजाराविषयी न लिहिता आमच्या घरातील एका वर्षाविषयी लिहिते. औषधपाणी त्यात ओघाने येईलच.

माझी लेक सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडला, सरे विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी शिकायला गेली. लंडनच्या नैर्ऋत्येस गिल्डफर्ड या गावी हे विद्यापीठ आहे. मूळची ही लंडनच्या बॅटरसी भागातील तंत्रशिक्षण संस्था. १९६६ मध्ये तिला विद्यापीठाची सनद मिळाली. प्रत्यक्ष उद्योगात काम करून शिकण्याची परंपरा तेथे जुनी आहे. दुसरे वर्ष संपले की विद्यार्थी एखाद्या कंपनीत वर्षभर पगारी काम करतो आणि मग शेवटच्या वर्षासाठी पुन्हा वर्गात येऊन बसतो. अशा अभ्यासक्रमाला इंग्लंडमध्ये चक्क सँडविच म्हणतात. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दोन पावांमधली भाजी." नातेवाइकांच्या मात्र हे गळी उतरेना. तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षे लागणार म्हटल्यावर आमच्या एका आत्याबाईंनी हलकेच विचारले, "एखादा विषय राहिला का गं?"

आम्हा डॉक्टरांनाही असे एक वर्ष असते. मिरजेला एम.बी.बी.एस.ची शेवटची परीक्षा झाल्यावर मी वर्षभर इंटर्नशिप केली, त्यातले काही महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात. तेथे पडलेले कितीतरी प्रश्न घेऊन शिक्षकांकडे परतावे असे फार वाटे. पण परतायला वर्गच उरला नव्हता. लेकीला ती सोय होती, याचा मला थोडा हेवाही वाटला.

पण ते वर्ष सक्तीचे नव्हते आणि घरी सासूबाई होत्या. वय ८२. उभा जन्म चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला, त्यामुळे फुप्फुसांचा जुना आजार, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो. त्या हिवाळ्यात दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले होते. वजन उतरत होते. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला होता आणि दिवसातले किमान पंधरा तास नळी नाकाशी ठेवायची होती.

मे २०२३ मध्ये लेकीने विचारले, "आई, मी मधले वर्ष घेतले तर पदवी एक वर्ष लांबेल. आजी कशी आहे?"

मी म्हणाले, "ठीक आहे. तू घे."

दुसऱ्या कोणाच्या घरी मी असे उत्तर दिले नसते. त्यांना समोर बसवून सांगितले असते, की हा आजार पायरीपायरीने उतरतो, प्रत्येक झटक्यानंतर माणूस आधीच्या पायरीवर परत येतोच असे नाही, तेव्हा निर्णय हे धरून घ्या. स्वतःच्या घरात मात्र मी डॉक्टर राहिले नाही.

चाळीसहून अधिक अर्ज, त्यांतली निम्मी पत्रे अनुत्तरित, तीन मुलाखती. मग रुग्णालयांसाठी संवेदक बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिला जागा मिळाली. आपल्याला वाटते, पोरगी जाऊन काहीतरी शोध लावणार. पहिले तीन महिने ती सोल्डरिंग करत होती आणि बोटाला लावायच्या चिमट्याची वायर यंत्राने पुन्हापुन्हा वाकवून ती केव्हा तुटते ते पाहत होती. तिचा पहिला चाचणी अहवाल वरिष्ठांनी परत केला. तिने एका रकान्यात 'ठीक' असे लिहिले होते. आकडा काय आला, खोलीचे तापमान किती होते, किती वेळा मोजले, हे हवे. 'ठीक' हे मोजमाप नव्हे. विद्यापीठाचे मार्गदर्शक भेटीला आले, त्यांनीही त्याच पानावर बोट ठेवले म्हणे.

दिवाळीला ती आली. विद्यार्थ्याला नोव्हेंबरात सुट्टी नसते, नोकरदाराला भरपगारी रजा असते. तिकीट तिच्याच पगाराचे. आल्या दिवशी तिने कॉन्सन्ट्रेटरची मागची जाळी काढली. धुळीने ती गच्च भरली होती. मी रोज त्या यंत्राशेजारून जात होते! (ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी.) दुसरा वाद समईचा. ऑक्सिजन चालू असताना जवळपास ज्योत असता कामा नये, हे मी सांगून थकले होते. नातीने एलईडीचा इवलासा दिवा जोडून देव्हाऱ्यात ठेवला, तो सासूबाईंनी मुकाट्याने मान्य केला.

मग जानेवारी २०२४ ची ती रात्र. साडेअकरा वाजले होते. सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८१. मी प्रवाह दोन लिटरवरून चारवर नेणार, तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे सहा. आकडा ऐकून तिने विचारले, "बोटे गार आहेत का? नखाला मेंदी आहे का?" बोटे बर्फासारखी होती. हे यंत्र बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवते आणि नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांतला किती शोषला जातो ते पाहते. गार बोटात रक्त कमी खेळते, ठोका क्षीण, आकडा बेभरवशाचा. हात चोळून ऊब दिली, मिनिटभर थांबले. ९०. त्यांच्यासारख्या रुग्णाला ८८ ते ९२ पुरते. उगाच प्रवाह वाढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. हे मी इतरांना शेकडो वेळा सांगितले आहे.

ऑक्सिमीटरचे मूळ तत्त्व १९७४ मध्ये मांडणारे जपानचे ताकुओ आओयागी डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्यांचे यंत्र आपल्या घराघरांत पोहोचले.

त्या रात्री फोन ठेवण्याआधी लेक म्हणाली, "आई, तू रोज 'आजी ठीक' एवढेच लिहितेस. ठीक म्हणजे किती?" मी गप्प. मग तीच म्हणाली, "आजीने मला मे महिन्यातच सांगितले होते. पदवीपर्यंत मी असेन असे धरून चालू नकोस, तू काम शीक, असे."

म्हणजे घरात खरे बोलणारे माणूस ८२ वर्षांचे होते. ज्येष्ठ वाचकहो, तुमच्या घरची डॉक्टर किंवा सून बोलायला कचरत असेल तर नातवंडांशी तुम्हीच बोला. आणि सांभाळणाऱ्यांनो, आकडे कळवा. दुसऱ्या दिवसापासून मी तिला आकडे, वेळ, वजन लिहून पाठवू लागले. वाईट दिवशीही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सासूबाई गेल्या. लेक शेवटच्या वर्षाला होती. तिसऱ्या दिवशी पोहोचली. मधले वर्ष घेतले नसते तर जून २०२४ मध्येच पदवी घेऊन ती घरी आली असती, शेवटचे आठ महिने आजीजवळ राहिली असती. हा हिशेब मी करते. ती करते की नाही, मी विचारलेले नाही.

तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प गार बोटांवरचाच होता: ठोका क्षीण असेल तर यंत्राने आकडा दाखवण्याआधी तसे सांगावे. परत जाण्याच्या आदल्या दिवशी तिने सासूबाईंच्या उशाकडच्या खणातून जुना ऑक्सिमीटर काढला. तो प्रवासात चालू राहू नये म्हणून मी सेल काढायला घेतले.

"थांब," ती म्हणाली, "आधी मोजू दे." तिने वही उघडली, तारीख घातली, स्वतःचे बोट चिमट्यात धरले आणि विचारले, "आई, खोलीचे तापमान किती असेल?"

मी खाली दवाखान्यात गेले आणि लसींच्या फ्रिजजवळचा तापमापक घेऊन आले.