फ्रिजमधली किल्ली

पुणे, रविवार

चि. सौ. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

दहावीची परीक्षा आटोपताच चिरंजीवांनी चित्रपटनिर्मितीच्या उन्हाळी शिबिराचा धोशा लावला आहे, बारा दिवसांचे शुल्क १८,००० रुपये आहे, हे सारे निव्वळ थेर होत असे आमच्या मेहुण्यांचे ठाम मत पडले आहे आणि निवाडा मात्र मी द्यावा, असे तू लिहितेस. सेवानिवृत्त ध्वनिमुद्रकाला घरातल्या घरात न्यायासन मिळाले, याचाच आनंद मानून हा कागद पुढे ओढला आहे.

बारा दिवसांत काय डोंबल येणार, हा मेहुण्यांचा मुख्य आक्षेप. त्यावर दाखला देतो तो प्रत्यक्ष दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ साली, चाळिशी उलटल्यावर, ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरणाची रीत पाहून घेतली, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि जाऊन येऊन अवघ्या दोन महिन्यांत हे गृहस्थ परत मुंबईस रुजू! तेव्हा या विद्येतील त्यांचे परदेशी शिक्षण म्हणजे एक शिबिरच म्हणायचे. परंतु जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्ऱ्यातील छायाचित्रणाचा व्यवसाय, छापखाना आणि जादूचे प्रयोग एवढी शिदोरी बरोबर घेऊन हा मनुष्य बोटीवर चढला होता. आणि परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरून, दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपीत, त्याने अंकुराची वाढ पडद्यावर आणली, तेव्हा कुठे भांडवल घालणाऱ्याची खातरजमा झाली. दिवसांची संख्या मोजण्यात फारसे हशील नाही, ते एवढ्याचसाठी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात ध्वनीचा विषय शिकवावयास मला पाचारण झाले होते. संस्थेचे नाव विचारू नकोस. चाळीस मुले, कॅमेरा एकच, आणि तोही पहिल्या सकाळी ज्या धिटुकल्याच्या हाती गेला, त्याच्याच खांद्यावर अखेरपर्यंत विराजमान. बाकीची मुले सावलीत बसून वेफर्स खात. समारोपास जो लघुपट दाखविला, त्याचे संकलन शिक्षकांनी रात्रीत परस्पर उरकले होते. पालकांनी टाळ्या वाजविल्या, मुलांना प्रशस्तिपत्रके मिळाली, आणि आपला कोणता शॉट का गळाला, हे एकाही मुलाला अखेरपर्यंत कळले नाही. चूक ही या विद्येतील खरी गुरुकिल्ली. तीच मुलांच्या हातून काढून घेतल्यावर शुल्क कशाचे घेतले, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

तरीही त्या बारदानात एक मुलगी मला आढळली. अंगाने किरकोळ, बोलणे जवळजवळ नाहीच. म्हणून तिच्या वाट्याला माइकची लांब काठी आली होती. एका स्वयंपाकघरात चित्रीकरण चालले असता तिने कानांवरचे हेडफोन दाबून धरले, कपाळाला आठी घातली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “काका, खोली गुणगुणते आहे.” तो फ्रिजचा आवाज होता. आम्हा ध्वनिवाल्यांची एक जुनी युक्ती मी तिला सांगितली: फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवून द्यायची, म्हणजे घरी निघताना किल्लीसाठी तो उघडावाच लागतो आणि यजमानांचे दूध नासत नाही. तिने ताबडतोब सायकलची किल्ली आत ठेवली. मग सर्वांना गप्प बसवून त्या रिकाम्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता तिने मुद्रित करून घेतली. ही शांतता पुढे संवादांच्या सांध्यांखाली अंथरावी लागते. त्या सायंकाळी किल्ली काढताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू होते, ते कोणत्याही प्रशस्तिपत्रकावर उमटत नाही. त्या एका मुलीपुरते ते शिबिर सार्थकी लागले, हे मला कबूल केलेच पाहिजे.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी मेहुण्यांनी स्वतः जाऊन विचारून यावे, की एका कॅमेऱ्यामागे मुले किती आणि संकलनाच्या यंत्रापुढे बसणार कोण. प्रसिद्ध दिग्दर्शकाचे व्याख्यान आहे की नाही, याची चौकशी केली नाही तरी चालेल.

चिरंजीवांची परीक्षा मात्र घरीच घे. तू कुरडयांचा चीक शिजवशील त्या पहाटे त्याला मोबाईल घेऊन उभा कर: पातेल्यातली वाफ, गुठळी होऊ नये म्हणून चाललेली तुझी लगबग, सोऱ्यातून गच्चीवरच्या कापडावर उतरणारी वेटोळी, सारे दोन मिनिटांत, पार्श्वसंगीताची फोडणी न घालता दाखवायला सांग. पहिली फीत वाईटच होईल. तू बोलू नकोस, त्यालाच पाहू दे. पाहून झाल्यावर तो नवा मोबाईल मागू लागला, तर तूर्त शिबिराची तजवीज पुढच्या सालावर ढकलावी. पण वाफ नीट आली नाही म्हणून, “आई, आणखी एक घाणा केव्हा घालणार?” असे विचारीत तो स्वयंपाकघरात घुटमळू लागला, तर निम्मे शुल्क माझ्याकडून, हे मेहुण्यांना कळव.

गहू थोडे जास्त भिजत घाल. दुसऱ्या घाण्याच्या कुरडया इकडे धाडाव्यात.

तुझा,
दादा