सुरपूरहून आबांना

कलबुर्गी, 6 फेब्रुवारी

ती. आबा,

दुबलगुंडीहून निघाले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून एवढंच म्हणालात, "सुरपूरची ती चढाई फसली कशी, ते जागेवर जाऊन बघ." हुमनाबादच्या स्टँडवर गाडीत बसल्यापासून ते वाक्य डोक्यात आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून रोज पत्र लिहायचं ठरवलं आहे.

कमलापूरला गाडी थांबली तेव्हा लाल केळी घेतली. इथे बाजारात तुरीची पोती छातीइतकी रचलेली आहेत. तुमच्या तोंडी अजून गुलबर्गाच असतं. मुक्कामाच्या घरातले म्हातारेही तेच म्हणतात.

सकाळी सुरपूरची गाडी धरेन. रात्री पुन्हा टेलरसाहेबाचं आत्मचरित्र काढून बसले. ठगांवरची 1839 ची कादंबरी लिहिणारा तो हाच फिलिप मेडोज टेलर. आपल्या मुलखाला तो परका नव्हता. 1853 नंतर नळदुर्गचा कारभार त्याच्याकडे होता. त्याआधीची बारा वर्षं तो सुरपुरात होता. 1841 मध्ये राजा कृष्णप्पा नायक वारला, मुलगा व्यंकटप्पा लहान, संस्थान कर्जात बुडालेलं. कंपनी सरकारनं टेलरला कारभारी म्हणून पाठवलं आणि त्याच्याच देखरेखीखाली ते पोर वाढलं. पोर त्याला "अप्पा" म्हणायचं. आपल्या गल्लीतली कानडी मुलं बापाला हाक मारतात, तेच अप्पा. 1858 साली व्यंकटप्पाच्या माणसांनी ज्यांच्या तळावर रात्री हल्ला केला, ते या अप्पाचेच जातभाई. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी इथेच थांबावं लागतं.

सुरपूर, 7 फेब्रुवारी, रात्री

ती. आबा,

जेवर्गीच्या वाटेवर भीमा लागली. पंढरपुराहून आलेलं पाणी म्हणून खिडकीतून हात जोडले, आईला सांगा. शहापूरजवळ डोंगरांची रांग अशी आहे की आडवा झोपलेला बुद्ध दिसतो. कपाळ, नाक, हनुवटी सगळं ओळखू येतं. तिथून पुढे जमीन बदलते. आपल्याकडची काळी माती मागे राहते आणि घरांएवढे दगड एकमेकांवर तोलून धरल्यासारखे दिसू लागतात. सुरपूर अशा दगडांच्या कुशीत बसलं आहे.

इथल्या एका निवृत्त शिक्षकांकडे उतरले आहे. त्यांनी दुपारभर फिरवलं. टेकडीवर टेलर मंझिल आहे, तिथून गाव आणि भोवतालचे डोंगर एका नजरेत येतात. टेलरनं इथे तलाव बांधले, दुरुस्त केले. बोनाळच्या तलावावर आजही हिवाळ्यात पक्षी उतरतात. लोक त्याचं नाव आदरानं घेतात आणि राजाचंही घेतात, दोन्ही एकाच श्वासात. मला ते समजायला वेळ लागला. इथे कोणालाच त्यात विसंगती वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. उद्या आठ तारीख. हल्ला सात फेब्रुवारीच्या रात्री झाला, म्हणजे आजच्याच रात्री.

1857 च्या पावसाळ्यापासून सुरपुरात अरब आणि रोहिले जमू लागले होते. राजा तेविशीच्या आसपासचा. उत्तरेतून बंडाच्या बातम्या येत होत्या. पदरचे बेडर जमातीचे सैनिक लढायला उतावीळ होते. हैदराबादच्या रेसिडेंटनं कॅप्टन कँपबेलला समजूत घालायला पाठवलं. त्यातून काही निघालं नाही, तेव्हा फौजा हलल्या. लिंगसुगूरला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिथली तुकडी घेऊन कॅप्टन विंडहॅम इथे आला. मद्रासकडची फौज मेजर ह्यूजेसच्या हाताखाली, आणि मुंबईकडून कर्नल माल्कम वाटेवर होता.

विंडहॅम पोचला तेव्हा राजाच्या माणसांनी त्याला तळासाठी जागा दाखवली. ती डोंगरांच्या कुशीतली, चहूबाजूंनी दगडांनी वेढलेली होती. आज मी तशाच एका घळीत उभी राहिले. डोक्यावर दोन्ही बाजूंना कडे, वर एक माणूस बसला तरी खालच्या शंभरांची हालचाल त्याला दिसेल. रात्री अशा जागी सापडलेली फौज सकाळ बघती ना. विंडहॅमनं ती जागा नाकारली आणि मोकळ्या माळावर तंबू ठोकले. सैनिकांना रात्रभर हत्यारांनिशी तयार ठेवलं.

आबा, चढाई फसली ती त्या दुपारीच. रात्री बेडर आणि रोहिले डोंगर उतरून माळावर आले तेव्हा आडोसा संपला होता. दगडांमधली लढाई हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. माळावर सज्ज पलटणीसमोर तो धंदा चालत नाही. तळाला धक्काही लागला नाही. निरोप गेलाच होता, सकाळी ह्यूजेस येऊन पोचला. डोंगरमाथ्यावरून बेडरांना गावात रेटलं गेलं. त्या झटापटीत घोडदळाचा कॅप्टन न्यूबेरी पडला आणि त्याच्या हाताखालचा स्टुअर्ट जखमी होऊन मेला. तरी गाव इतकं भक्कम होतं की ह्यूजेसनं हल्ला न करता माल्कमची वाट बघायचं ठरवलं. त्याच रात्री राजा थोड्या स्वारांनिशी हैदराबादेकडे निघून गेला. बेडरांनी गाव सोडलं आणि वेशी उघडल्या.

शिक्षकांनी मला माळ दाखवला. तिथे आता ज्वारी उभी आहे, कणसं भरली आहेत. एक बाई पाखरं हाकत होती. बांधावर बराच वेळ बसून राहिले.

तिथे बसल्यावर एक दूरची गोष्ट आठवली. टेलरनं 1860 साली नोकरी सोडली आणि तो आयर्लंडात डब्लिनजवळ राहायला गेला. त्या देशात साठ वर्षांपूर्वी, 1798 मध्ये, शेतकरी भाले घेऊन इंग्रजांच्या छावणीच्या गावांवर चालून गेले होते. कार्लो नावाच्या गावात 25 मे रोजी बंडवाले रस्त्यात शिरले तेव्हा गाव सामसूम होतं. शिपायांना खबर आधीच लागली होती, ते घराघरांत दबा धरून बसले होते. बंडवाले चेंगरले, मारले गेले, ज्या घरांत ते आश्रयाला शिरले त्यांना आगी लावल्या गेल्या. तिथे घात जागेनं नव्हे, खबरीनं केला. आपल्या मुलखात 17 जुलै 1857 ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेले, त्याची खबरही निजामाचा दिवाण सालारजंग यानं इंग्रजांना आधीच पोचवली होती.

वागिणगेरा, 8 फेब्रुवारी

ती. आबा,

सकाळी इथे आले. सुरपूरकरांचं हे जुनं ठाणं. 1705 मध्ये सत्त्याऐंशीच्या घरातला औरंगजेब स्वतः इथे वेढा घालून बसला होता. त्याची ही शेवटची मोहीम. पीड नायकानं किल्ला लढवला आणि धनाजी जाधव मदतीला धावला, कारण मराठा सरदारांची बायकापोरं या किल्ल्यात आसऱ्याला होती. शेवटी रात्रीतून किल्ल्यातले सगळे निसटले आणि बादशहाला रिकामा, जळका किल्ला मिळाला. दगडांची भाषा ज्यांना येते त्यांचं काम असं असतं.

दीडशे वर्षांनी त्यांच्या वंशजाला धनाजी मिळाला नाही. हलगलीचे बेडर हत्यारबंदीविरुद्ध नोव्हेंबर 1857 मध्ये उठले आणि चिरडले गेले. सुरपूर फेब्रुवारीत उठलं. नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले ते मे महिन्याच्या अखेरीस, तोवर सुरपूर मोडून तीन महिने झाले होते. जूनमध्ये बेळगावला त्यांना फाशी झाली. प्रत्येकजण आपापल्या वेळी एकटा उठला आणि इंग्रजांना फौज एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला सवड मिळाली. विंडहॅमची जागा हे त्या रात्रीचं कारण. हे दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं.

सुरपूर, 9 फेब्रुवारी

ती. आबा,

राजाचं पुढे काय झालं, ते लिहायचं राहिलं. हैदराबादेच्या बाजारात तो पकडला गेला आणि सालारजंगानं त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. टेलर सिकंदराबादेस कैदेत त्याला भेटायला गेला. पोरानं त्याला मिठी मारली. टेलर म्हणत होता, रेसिडेंटला भेट. तो म्हणाला, तिथे गेलो तर मी जीव मागावा अशी त्यांची अपेक्षा असेल, आणि ते माझ्याकडून होणार नाही. कुत्र्यासारखं लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढं त्याचं मागणं. ही हकीकत टेलरनंच लिहून ठेवली आहे. साथीदारांची नावंही त्यानं दिली नाहीत, असं इथे सगळे सांगतात.

शिक्षा कमी होऊन चेंगलपट्टूच्या किल्ल्यात चार वर्षांची कैद ठरली होती. वाटेतल्या मुक्कामावर बरोबरच्या अधिकाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून तो गेला. तो चोविसाव्या वर्षी जाईल असं पत्रिकेवरून एका ब्राह्मणानं टेलरला फार पूर्वी सांगितलं होतं म्हणे. संस्थान 1860 मध्ये निजामाला बक्षीस मिळालं. नळदुर्गही त्याच तहात परत निजामीत आलं.

काल रात्री एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहिते. या लढाईत पडलेल्या न्यूबेरीचं नाव मला ठाऊक आहे, स्टुअर्टचं ठाऊक आहे. माळावर पडलेल्या एकाही बेडराचं नाव मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही. आतापर्यंत याचा मला राग येत होता. पण ती नावं कागदावर आली असती, तर कोणत्या कागदावर? साक्षीच्या. राजानं तोंड मिटलं म्हणून ती माणसं घरी जाऊन पेरणी करू शकली असतील. तुमच्या लहानपणी रजाकारांच्या दिवसांत आपल्या वाड्यात कोण कोण लपून होतं, हे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. मी किती वेळा विचारलं! आता नाही विचारणार.

शिक्षकांना त्या माळाच्या बांधावरचा एक चपटा दगड मी मागितला. ते म्हणाले, दगड नको, ज्वारी घेऊन जा. दोन शेर बांधून दिली आहे. परवा संध्याकाळपर्यंत हुमनाबादला पोचेन. आईला म्हणावं, भाकरी त्याच ज्वारीची करायची आहे, दुसरं पीठ काढू नको.

आपली नात