साधी की नायट्रोजन?

फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे आपण जरा संशयानेच पाहतो. औषध जितके महाग तितके गुणकारी, असे मानणारी एक-दोन माणसे प्रत्येक घरात असतात. हवेच्या वाट्याला मात्र हा संशय आजवर आला नव्हता. ती देवाघरची, तिला ना वजनकाटा, ना पावती. पण हल्ली पेट्रोलपंपावर गाडी उभी केली की हवा भरणारा मुलगा नळी हातात धरून विचारतो, "काका, साधी की नायट्रोजन?" आणि त्या एका 'साधी' या शब्दाने बिचारीची सारी अब्रू जाते. साधी फुकट असते, नायट्रोजनला टायरमागे काही रुपये पडतात. मागे बायकोमुले बसलेली असतात. त्यांच्या देखत 'साधी' म्हणणे म्हणजे संसाराच्या जबाबदारीत कसूर करण्यासारखे वाटते. क्षणभर घुटमळून आपण म्हणतो, "बरं, मार नायट्रोजन!"

हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर आम्हा नाशिककरांना विचारावे. मुंबईला जायचे म्हणजे पूर्वी कसारा घाट चुकत नसे. त्या घाटात चाकांचे मोल प्रत्येकाला कळे. आता समृद्धी महामार्ग झाला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सपाटीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. इतक्या वेगात सबंध कुटुंबाचा भार चार टायरांवर असतो, आणि रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्या टायरांत काय भरावे, हा विचार रिकामटेकड्याचा खचित नव्हे.

मी शाळामास्तर. शंका आली की ती आधी वर्गात नेतो. मुलांना हवेतले घटक विचारले. एका दमात उत्तर आले: नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, उरलेला एक टक्का इतर वायू. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, "सर, नायट्रोजन म्हणजे नत्रच ना? आमचे अण्णा युरियाच्या गोणीतून आणतात ते? मग पंपावर ते कुठून आणतात?"

प्रश्न मार्मिक होता. पंपावरचे यंत्र हा वायू कुठूनही आणत नाही. ते त्याच आवारातली हवा ओढून घेते, दाबाखाली बारीक छिद्रांच्या कोळशातून किंवा पातळ पडद्यातून नेते, त्यातला ऑक्सिजन आणि ओलावा बाजूला काढते आणि उरलेला वायू टायरमध्ये सोडते. म्हणजे ७८ टक्के माल आपल्याला पूर्वीही फुकटच मिळत होता. आता त्याचे ९५ टक्के होतात, इतकेच. पैसे द्यायचे ते मधल्या सतरा टक्क्यांचे.

हे सतरा टक्के निव्वळ थोतांड आहेत का? तसेही म्हणता येणार नाही. आमच्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. विमानांच्या टायरमध्ये नत्रच भरतात, आणि त्यामागे मोठा कटू अनुभव आहे. मार्च १९८६ मध्ये मेक्सिकोत एक बोईंग ७२७ विमान कोसळले आणि १६७ माणसे गेली. ब्रेक घासत राहिल्याने चाक भयंकर तापले होते, आणि त्या टायरमध्ये नत्राऐवजी साधी हवा भरलेली होती. उड्डाणानंतर टायरचा स्फोट झाला आणि त्याने इंधनाच्या नळ्या फोडल्या. पुढे अमेरिकेत मोठ्या विमानांच्या ब्रेक लागणाऱ्या चाकांत नत्र किंवा तसाच निष्क्रिय वायू सक्तीचा झाला. विमान उतरताना चाक ज्या धगीत सापडते, तिथे ऑक्सिजन नसलेलाच बरा.

पण आपली मोटार म्हणजे बोईंग नव्हे, आणि तिची चाके रोजच्या वापरात तशी तापत नाहीत. तिच्यासाठी नत्राचा खरा गुण एवढाच की ते रबरातून ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपते. किती सावकाश, हेही कोणी मोजून ठेवले आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने २००६-०७ साली ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एका टायरात हवा, दुसऱ्यात नत्र. दोन्हींत ३० पौंडांचा दाब. मग ते वर्षभर उघड्यावर ठेवले. वर्षाअखेर साध्या हवेचे सरासरी ३.५ पौंड उतरले, नत्राचे २.२. फरक १.३ पौंडांचा, आणि तोही वर्षभर कोणी त्या टायरांकडे पाहिलेच नाही म्हणून.

नत्राचा टायर उन्हाने फुगत नाही, असेही पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. त्यांनी थंडीत एकदा निफाडला जाऊन यावे. पहाटे सहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, असे दिवस तिथे नवे नाहीत. तेवढ्या फरकाने ३३ पौंडांचा दाब साडेतीन पौंडांहून अधिक वाढतो. टायर कोरडा असेल तर आत नत्र असो वा हवा, दोन्ही सारखेच फुगतात. हवेत ओलावा असला तर थोडा उणाअधिक फरक पडेल, बस्स.

जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले होते की टायरमध्ये नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा सरकारचा विचार आहे. हेतू अपघात टाळण्याचा होता, आणि त्याबद्दल कोणाचे दुमत असणार? पण टायर फुटतो कशाने, हे पाहू गेले तर बहुधा त्याचे मूळ कमी दाबात सापडते. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकतात, वाकून तापतात आणि तापून उसवतात. त्यात टायर गोटा झालेला असेल, गाडीत माणसांवर माणसे आणि टपावर बोचकी असतील, तर विचारायलाच नको. अशा टायरला आतला वायू कोणता होता याचे सोयरसुतक नसते.

आमच्या शेजारी एक सद्गृहस्थ आहेत. त्यांच्या गाडीच्या व्हॉल्व्हवर नायट्रोजनच्या हिरव्या टोप्या आहेत, आणि त्यांचा त्यांना कोण अभिमान! "आमच्यात नायट्रोजन आहे, हवा पाहायची कटकटच नाही," असे ते म्हणत. गेल्या कोजागिरीच्या सुमारास ते सहकुटुंब वणीला गडावर निघाले होते. मागचे डावे चाक मला जरा बसलेले दिसले. माझ्याजवळ दाब मोजण्याचे लहानसे यंत्र असते, ते लावले. ३३ च्या जागी २४! टायरमध्ये एक बारीक खिळा होता. खिळ्याला हिरव्या टोपीची ओळख नव्हती.

पंक्चरवाल्याने खिळा काढून भोक बुजवले आणि हवेची नळी उचलली, तशी वहिनींनीच त्याला थांबवले.

"अहो दादा, साधी नको. भेसळ होईल!"

"वहिनी," मी म्हणालो, "साध्या हवेतही बारा आणे नायट्रोजनच असतो. पंचाण्णव टक्क्यांचे ब्याण्णव होतील, दुसरे काही नाही. पण चोवीस पौंडांवर घाट चढू नका."

त्यांनी माझ्याकडे, मग मागच्या सीटवर बसलेल्या नातवाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भर रे बाबा, साधी तर साधी."

मला धास्ती वाटते ती याचीच. नत्र स्वतः निरुपद्रवी आहे. काही रुपयांत कोणी श्रीमंत किंवा भिकारी होत नाही, आणि सावकाश दाब उतरणे हा गुणच आहे. पण नायट्रोजन भरला म्हणून जो महिनोन्‌महिने टायरकडे पाहत नाही, किंवा नायट्रोजन मिळेना म्हणून कमी दाबावरच गाडी हाकतो, त्याला ते काही रुपये फार महाग पडतात. उलट, पैसे मोजले आहेत तेव्हा दर महिन्याला पंपावर जाऊन दाब पाहून घेऊ, असे ज्याला वाटते, त्याने ते खुशाल मोजावेत. त्याचे पैसे नायट्रोजनने नव्हे, तर त्या सवयीने फिटतात. दाब एक पौंड उतरला की इंधनही सुमारे ०.२ टक्के जास्त जळते, तेवढे तरी वाचते. आणि पंपावर साधी हवा फुकट देणे हा नियमच आहे. ती मागताना लाजण्याचे कारण नाही.

आता दिवाळीत गाड्या बाहेर पडतील. कोणी माहेरी, कोणी कोकणात, कोणी समृद्धीने थेट विदर्भात. फराळाचे डबे डिकीत ठेवण्याआधी खाली ठेवलेल्या स्टेपनीवरही एकदा हात फिरवावा. वर्षभर तिची कोणी विचारपूस केलेली नसते. दाब पाहावा तो सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, टायर थंड असताना. किती हवा, हे चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. चार जणांसाठी एक आकडा असतो आणि भरल्या गाडीसाठी दुसरा. दिवाळीत आपल्या गाड्यांना बहुधा तो दुसराच लागू पडतो.