शिकेकाईची बाटली

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं जें घडलें, तें सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. कारण चूक आमची होती. तथापि ज्यानें पस्तीस वर्षें मुलांच्या चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या, त्यानें स्वतःची चूक झाकून ठेवणें बरें नव्हे.

आमच्या धाकट्या सुनेच्या मानेवर शांपूमुळें पुरळ उठलें. डॉक्टरांनीं तपासणी करून दोष मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाचा, म्हणजे प्रसाधन नासूं नये म्हणून घालावयाच्या द्रव्याचा, असें सांगितलें. तें एक टाळावें, इतकाच त्यांचा सल्ला होता. आम्हीं मात्र सारींच परिरक्षकें विष ठरविलीं. शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी यांचा काढा करून गाळला, रिकाम्या बाटलींत भरला व न्हाणीघराच्या फळीवर ठेवून दिला. आठव्या दिवशीं त्यास आंबूस वास येऊं लागला. ‘फेकून द्या’ असें घरांतून सुचविण्यांत आलें. ‘शिकेकाईचा वासच तसा’ असें आम्हीं ठणकावून सांगितलें.

दहाव्या दिवशीं त्याच काढ्यानें नऊ वर्षांची नात न्हाली. पुढें दोन दिवसांत तिच्या डोक्यांत पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, तापही आला. डॉक्टरांनीं बाटली मागवून उजेडांत धरली. आंत पांढुरकी साय धरली होती. ‘कारण हेंच, असें छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं,’ ते म्हणाले. ‘पण गुरुजी, यांत पाणी होतें, हें आपल्या ध्यानांत कसें आलें नाहीं?’

तो प्रश्न आमच्या जिव्हारीं लागला. शार्ङ्गधरसंहितेंत स्नेहपाक सिद्ध झाल्याची खूण सांगितली आहे : कल्काची वात वळून ती अग्नींत टाकली असतां तडतड होऊं नये. तडतड होते ती उरलेल्या पाण्याची! तो भाग आम्हांस मुखोद्गत होता, पण त्याचें मर्म कळलें नव्हतें. पूर्वजांनीं पाणी घालवून तेल टिकविलें. पाणी नाहीं तेथें जंतू व बुरशी वाढत नाहींत. तेल हवेनें खवट होतें, ती गोष्ट निराळी. शांपू मात्र बहुतांशीं पाणीच. ओले हात, उघडें झांकण व उबदार न्हाणीघर यांत तो महिनोन्‌महिने राहावयाचा, तर त्यास राखणदार हवाच.

राखणदार सारे सारखे नसतात. सोडियम बेंझोएट आम्ल द्रवांतच नीट काम करतें. फिनॉक्सिएथेनॉल युरोपांत शेंकडा १ भागापर्यंतच चालतें. सुनेस बाधलेलें द्रव्य तेथें न धुतां ठेवावयाच्या प्रसाधनांत २०१७ पासून बंद आहे; धुवून टाकावयाच्या प्रसाधनांत २०१८ पासून दहा लाखांत १५ भागांपुरतेंच चालतें. पॅराबेनांविषयीं २००४ मध्यें मोठी भीति पसरली. स्तनाच्या गांठींत तीं सांपडल्याचें एका इंग्रजी संशोधनानें दाखविलें होतें. परंतु निरोगी स्तनाशीं तुलना त्यांत नव्हती. रोग त्यांमुळेंच झाला, हें सिद्ध झालें नाहीं. पुढें २०१४ मध्यें युरोपनें पांच पॅराबेनें वर्ज्य केलीं, दोहोंची मर्यादा घटविली आणि मेथिल पॅराबेन मात्र राहूं दिलें. न्याय असा नांवनिशीवार व्हावा. आम्हीं एकाच्या अपराधासाठीं साऱ्या वर्गास छड्या मारल्या.

नात महिन्याभरांत बरी झाली. सुनेनें आम्हांस एका शब्दानेंही दुखविलें नाहीं. त्या मौनानें आम्ही अधिकच शरमलों. आतां शिकेकाईची कोरडी पूड बरणींत असते. न्हाण्यापुरती भिजवावी, उरेल ती मोरींत ओतावी, असा नियम घातला आहे. शांपू आणतांना सून आपलें वर्ज्य नांव वेष्टणावर शोधते. तीं लांबलचक नांवें नात आम्हांस वाचून दाखविते, आणि आम्ही अडखळलों कीं उच्चार सुधारते.