ब्रेक ऑइल आणि घसारा



मुलगा परगावी नोकरीला गेल्यापासून घरच्या एसयूव्हीची देखभाल माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून ब्रेक ऑइल बघते. मागच्या चातुर्मासाआधी ते ‘मिन’च्या खुणेपर्यंत उतरलं होतं. मी बाटली आणून ‘मॅक्स’पर्यंत भरलं आणि वहीत लिहिलं, ‘ब्रेक ठीक.’

आठ दिवसांनी सूनबाई नातवंडांना घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जाणार होती. आदल्या दिवशी चाकातून चिरका आवाज येऊ लागला, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. पुढचे ब्रेक पॅड जेमतेम 2 मिलिमीटर उरले होते. नवे बसवताना मी भरलेलं ऑइल डबीतून बाहेर सांडलं.

“काकू, ऑइल संपलं नव्हतं. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे ऑइल जातं. म्हणून पातळी उतरते.”

मी बी.कॉम. झालेली! घसारा न लिहिताच ताळेबंद जुळवला होता.

आता पातळी उतरली की आधी गळती शोधते, मग बॅटरीच्या उजेडात चाकाच्या फटीतून पॅड बघते. 3 मिलिमीटरवर आले की बदलायचे. ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी तेही बदलून घेते. चाक उघडायचं काम मात्र मेकॅनिकचंच.

त्या संध्याकाळी सूनबाईला सगळं सांगितलं. सांगताना जीभ अडखळली. ती म्हणाली, “आई, पुढच्या वेळी आपण दोघी मिळून बघू.”

वहीतलं ‘ब्रेक ठीक’ मी खोडलेलं नाही.