तालाची सही

जाझच्या ड्रमवादकाचे स्मरण म्हणजे न केलेल्या सहीचा शोध होय. मुंबईच्या कावस लॉर्ड यांनी जाझ-वाद्यवृंदांतून येऊन बोंगोसारखी लॅटिन अमेरिकी तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविली; पुत्र केरसी (मृत्यू २०१६) यांनीही तोच मार्ग धरला. परंतु तबकडीवर नावे असत ती गायक, गीतकार आणि संगीतकार यांची. 'अलबेला'तील (१९५१) सी. रामचंद्रांच्या चाली मराठी श्रोत्याला पाठ असतात. त्यांचा ताल धरणारे हात मात्र अनामिक राहतात. ज्याची नोंदच नाही त्याचे मूल्यमापन कसे करावे, या प्रश्नापाशी समीक्षा थबकते. मित्र थबकत नाही. दोन आघातांमधील किंचित विलंबावरून तो हात ओळखतो. तोही गेला की ध्वनिमुद्रण उरते, वादक उरत नाही. मैत्रीतील आठवण ही म्हणूनच समीक्षेची पहिली साक्ष ठरते.